कप सामन्याचं तिकीट नेमकं किती असावं?

उत्तर_स्टँड

एफए कपच्या (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची, म्हणजे एफएची, लहानमोठ्या सगळ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) तिसऱ्या फेरीत आम्हाला घरचं मैदान मिळालं, समोर दोन विभाग खालचा संघ. कोण कुणाशी खेळणार याचा ड्रॉ निघाला त्या रात्री आमच्या ग्रुपवर नुसता जल्लोष होता. काल तिकिटांचे दर आले आणि सगळे गप्प झाले. प्रौढांसाठी जवळजवळ लीगच्या सामन्याइतकाच दर, आणि मुलांची सवलत नावापुरती.

मी इंग्लंडमध्ये राहतो, सीझन तिकीट घेतो. जे इथे राहत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रीमियर लीगच्या सीझन तिकिटात घरचे १९ लीग सामने येतात, कपचे सामने बहुतेक क्लब त्यात धरत नाहीत. (आर्सेनलचं तिकीट बरीच वर्षं याला अपवाद होतं, त्यात कपचे सात घरचे सामने धरलेले असायचे, पण मग त्याची किंमतही तशीच असायची.) मग क्लब काय करतात, तर कपसाठी वेगळी योजना काढतात. तुम्ही नाव नोंदवलं की घरच्या प्रत्येक कप सामन्याचे पैसे कार्डावरून आपोआप कापले जातात. नाव काढून घेतलं तर पुढे संघ वेम्ब्लीला (लंडनचं मैदान, कपचे उपांत्य आणि अंतिम सामने तिथेच) पोचल्यावर तिकिटांच्या रांगेत तुम्ही मागे. कागदावर ऐच्छिक, पण वर्षानुवर्षं संघामागे जाणारा माणूस त्यातून बाहेर पडूच शकत नाही.

लीगमध्ये पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी २०१६-१७ पासून ३० पाउंडांची कमाल मर्यादा आहे. ती प्रीमियर लीगच्या सामन्यांपुरतीच, कपला लागू नाही. माझं म्हणणं असं की कपलाही मर्यादा हवी, आणि ती घरच्या प्रेक्षकांनाही लागू हवी. तुम्हाला काय वाटतं?

गोलरेषा

मला नाही पटत. कपचा सामना बघायची सक्ती कुणावर नाही. लीगचं तिकीट तुम्ही वर्षाच्या सुरुवातीला घेता, समोर कोण येणार ते माहीत असतं. कपमध्ये तसं नसतं, म्हणून प्रत्येक सामन्याचा दर मागणीप्रमाणे ठरणार. समोर मोठा संघ आला तर महाग, छोटा आला तर स्वस्त. यात अन्याय कसला?

आणि एक गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही. एफए कपच्या गेटचे, म्हणजे तिकीटविक्रीचे, पैसे यजमान एकटा घेत नाही. खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे ४५ टक्के यजमानाला, ४५ टक्के पाहुण्या संघाला आणि १० टक्के सामायिक निधीत. तुम्ही स्वस्त तिकीट मागता तेव्हा समोरच्या छोट्या क्लबच्या गल्ल्यातलेच पैसे कमी करा म्हणता. त्यांना विचारलं का?

तिसरी_फेरी

उत्तर_स्टँड यांच्याशी सहमत. आमच्या क्लबनेही हेच केलं. स्टँडचा वरचा मजला बंदच ठेवलाय.

उत्तर_स्टँड

गोलरेषा, ४५-४५-१० चा मुद्दा बरोबर आहे. पण त्याच नियमांत हेही आहे की दर दोन्ही क्लबांच्या संमतीने ठरतो. म्हणजे "समोरच्यांना हवं होतं" असं आमचा क्लब सांगू शकतो आणि "त्यांचं मैदान, त्यांनी ठरवलं" असं समोरचा क्लब सांगू शकतो. जबाबदारी दोघांत वाटली गेली की प्रेक्षकाने विचारायचं कुणाला?

आणि मागणीप्रमाणे दर म्हणता, तर मागणी बघा ना. तिसऱ्या फेरीत किती मैदानांवर वरचा मजला बंद असतो! मागणी नाही म्हणून मजला बंद करायचा, आणि खालच्या मजल्याचा दर मात्र मागणी असल्यासारखा ठेवायचा, याला बाजारभाव म्हणत नाहीत.

डावा_विंगर

मी बिगर-लीग, म्हणजे वरच्या चार विभागांखालचं, फुटबॉल बघणारा आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. जरा लांबेल.

तुम्ही सगळे मोठ्या क्लबच्या प्रेक्षकाच्या जागेवरून बोलताय. खालच्या क्लबसाठी कप म्हणजे वर्षाचं बजेट. एक्सेटर सिटीचं उदाहरण घ्या. जानेवारी २००५, क्लब कर्जात बुडालेला, लीगमधून खाली घसरलेला, प्रेक्षकांच्या ट्रस्टने चालवायला घेतलेला. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखलं, मग घरी रिप्ले, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळायचा सामना. रिप्ले हरले, पण त्या दोन सामन्यांच्या पैशाने क्लब पुन्हा उभा राहिला. ओल्ड ट्रॅफर्डच्या गेटचा तो हिस्सा नसता तर पुढचा एक्सेटर आपण बघितला असता की नाही, शंकाच आहे.

आता तो रस्ताही बंद झाला. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासून पुढे रिप्ले नाहीत. त्याच मोसमात जानेवारीत टॅमवर्थकडे टॉटनहॅम आले. टॅमवर्थचं मैदान जेमतेम चार हजारांचं, कृत्रिम गवताचं. ९० मिनिटं टॅमवर्थने ०-० धरून ठेवलं. जुना नियम असता तर तिथेच शिट्टी वाजली असती आणि टॅमवर्थला टॉटनहॅमच्या साठ हजारांहून मोठ्या मैदानावर रिप्ले मिळाला असता, त्या गेटच्या हिश्श्यासकट. त्याऐवजी जादा वेळ खेळवला गेला आणि ते ०-३ ने हरले. त्या अर्ध्या तासाने एका छोट्या क्लबचं किती नुकसान केलं याचा विचार करा. आणि मग सांगा की मोठ्या मैदानावरचं तिकीट दहा पाउंडांना विका.

गोलरेषा

डावा_विंगर, हेच म्हणत होतो.

उत्तर_स्टँड

डावा_विंगर, तुमचा मुद्दा मनापासून मान्य. पण गणित करून बघू. साठ हजारांच्या मैदानावर ४० पाउंडांनी पंचवीस हजार लोक आले तर गेट दहा लाख पाउंड. २० पाउंडांनी पन्नास हजार आले तरी तेवढंच. म्हणजे दर निम्मा केला आणि मैदान भरलं तर टॅमवर्थसारख्या क्लबचा एक पैसाही बुडत नाही. वर त्यांचे खेळाडू भरलेल्या मैदानावर खेळतात, ते निराळंच.

डावा_विंगर

भरलं तर. दर निम्मा केला म्हणून प्रेक्षक दुप्पट होतील याची हमी कोण देणार? जानेवारीतली थंडी, सामना टीव्हीसाठी भलत्याच वेळेला, आणि मोठा क्लब आपले राखीव खेळाडू उतरवणार. पंचवीसचे पस्तीस हजार झाले तर गेट सात लाख, म्हणजे तीन लाख कमी. तुमच्या क्लबला ते तीन लाख जाणवणारही नाहीत. प्रीमियर लीगमध्ये तळाला राहणाऱ्या संघालाही लीगकडून १० कोटी पाउंडांहून जास्त मिळतात. आमच्याकडे त्या तीन लाखांतल्या निम्म्या वाट्यात एका बचावपटूचा दोन-तीन मोसमांचा पगार निघतो.

शिवाय मोठ्या मैदानावर जास्त माणसं म्हणजे जास्त कर्मचारी, जास्त पोलीस. तो खर्च वाटणीच्या आधी वजा होतो. म्हणजे तुमच्या हिशोबात दोन्ही गेट सारखे दिसले तरी उरणारी रक्कम सारखी नाही.

उत्तर_स्टँड

हो, खर्च वजा होण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. यावर विचार करून लिहितो.

पिवळी_भिंत

जर्मनीतून लिहितोय, डॉर्टमुंडचा चाहता. कपच्या तिकिटावरून आमच्याकडे काय झालं होतं ते सांगतो, कारण तो प्रकार नेमका कपमधलाच आहे.

९ फेब्रुवारी २०१६, जर्मन कपचा उपांत्यपूर्व सामना, स्टुटगार्ट विरुद्ध डॉर्टमुंड, मैदान स्टुटगार्टचं. पाहुण्यांसाठी लावलेले दर अवाच्या सवा होते. आमच्या लोकांनी पहिली वीसेक मिनिटं स्टँड रिकामा ठेवला. मग सगळे आत आले आणि मैदानावर टेनिसचे चेंडू फेकायला सुरुवात केली. हिरव्या गवतावर पिवळे चेंडूच चेंडू. खेळाडू वाकून वाकून चेंडू उचलतायत, खेळ थांबलाय, आणि टीव्हीवर बघणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न पडलाय की हे कशासाठी. जर्मनीत उत्तम खेळ झाला की "मस्त टेनिस" अशा अर्थाचा वाक्प्रचार वापरतात, त्यावरून सुचलेली ती कल्पना. सामना आम्ही ३-१ जिंकला, पण दुसऱ्या दिवशी चर्चा तिकिटांचीच.

आणि त्याच्या तीनच दिवस आधी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर काय झालं ते इंग्लंडवाल्यांना आठवत असेलच.

जुना_टेरेस

आठवतं तर! लिव्हरपूल विरुद्ध संडरलँड. नव्या मेन स्टँडमध्ये सगळ्यात महाग तिकीट ७७ पाउंडांचं करणार म्हणून ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर पडले. तेव्हा संघ २-० ने पुढे होता. लोक गेले आणि सामना २-२ सुटला. त्याच आठवड्यात मालकांनी माफी मागितली, दरवाढ मागे घेतली, महागात महाग तिकीट पूर्वीसारखं ५९ वर ठेवलं आणि दोन मोसम दर गोठवले. त्यानंतर काही आठवड्यांतच पाहुण्या प्रेक्षकांसाठी ३० पाउंडांची मर्यादा जाहीर झाली. त्यामागे चाहत्यांच्या संघटनांनी २०१३ पासून "वीस पुरेत" म्हणत चालवलेली मोहीम होती, हेही विसरू नका. मर्यादा कुणी दानात दिलेली नाही.

पण मला याहून जुनी गोष्ट सांगायची आहे. आज मैदानावर सगळ्यांना बसायला खुर्ची आहे ती हिल्सबरोमुळे. १५ एप्रिल १९८९, एफए कपचाच उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. घरातून कपचा सामना बघायला निघालेली ९७ माणसं त्या गर्दीत चेंगरून मेली. पुढे न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल १९९० मध्ये आला आणि मोठ्या मैदानांवर उभं राहून बघायचे टेरेस बंद झाले. त्याच अहवालात टेलर यांनी हेही लिहिलं होतं की खुर्च्या बसवल्या म्हणून गरीब प्रेक्षक बाहेर फेकला जाऊ नये. जो आज उभं राहायचे पैसे देतो त्याच्या खिशाला परवडेल असा खुर्चीचा दर ठेवता आला पाहिजे. उदाहरण म्हणून ग्लासगोच्या आयब्रॉक्सचे दर दिले होते, बसायला ६ पाउंड, उभं राहायला ४.

खुर्च्यांची शिफारस अंमलात आली. दरांची राहिली. कुणी "बाजारभाव" म्हणालं की मला हे आठवतं. मैदानांचं रूप कायद्याने बदललं, मग दराच्या बाबतीत कायदा नको का?

गोलरेषा

जुना_टेरेस, हे वाचून थांबलो. टेलर अहवालातला दरांचा भाग मला माहीत नव्हता.

तरी माझा प्रश्न राहतोच. सगळ्यांना एकच कमाल मर्यादा लावली तर डावा_विंगरांच्या क्लबला घरचा सामना मिळाल्यावर ते हात बांधून बसणार का? चार हजारांच्या मैदानावर त्यांना आयुष्यात एकदा प्रीमियर लीगचा संघ मिळतो.

शेवटची_शिट्टी

इथे एफए कपचीच चर्चा चाललीय, पण मोकळा बाजार कुठे नेतो ते बघायचं तर फिफाकडे बघा.

जुलै २०२५, अमेरिकेतला क्लब वर्ल्ड कप, उपांत्य सामना चेल्सी विरुद्ध फ्लुमिनेन्से. मागणीप्रमाणे बदलणारे दर. साधं तिकीट सुरुवातीला ४७३.९० डॉलरला होतं, सामना तोंडावर आला तेव्हा तेच १३.४० डॉलरला! ज्याने भरवशाने आधी घेतलं त्याला सगळ्यात जास्त भुर्दंड. निष्ठेची किंमत उलटीच झाली. मैदान रिकामं राहिलं असतं तर टीव्हीवर दिसलं असतं, म्हणून शेवटी उतरवलं.

मग २०२६ चा वर्ल्ड कप. यजमानपदाच्या प्रस्तावात गटातल्या सामन्यांचं स्वस्तात स्वस्त तिकीट २१ डॉलर दाखवलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय संघटनांच्या कोट्यातले दर बाहेर आले तेव्हा अंतिम सामन्याचं स्वस्तात स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलर. युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनेने गदारोळ केला, आणि आठवडाभरात फिफाने ६० डॉलरचा वेगळा गट काढला. बरं वाटलं ना? आता त्याचं प्रमाण बघा. खेळणाऱ्या प्रत्येक देशाला मैदानाच्या ८ टक्के जागा, आणि ६० डॉलरवाल्या त्यातल्या १० टक्के. म्हणजे एका देशाच्या चाहत्यांसाठी मैदानातल्या हजार खुर्च्यांमागे आठ.

शिवाय फिफाच्याच पुनर्विक्रीच्या खिडकीवर विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडून १५ टक्के. एकच तिकीट जितक्यांदा हात बदलेल तितक्यांदा फिफाला वाटा. दर कमी राहावेत असं त्यांना कशासाठी वाटेल?

पिवळी_भिंत

याच्या उलट उदाहरण युरोपातलंच आहे. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, पाहुण्या प्रेक्षकांचे दर टप्प्याटप्प्याने खाली आणले. चॅम्पियन्स लीगला आधी ७० युरोंची मर्यादा होती, २०२४-२५ ला ६० आणि २०२५-२६ ला ५०. युरोपा लीगला ३५, कॉन्फरन्स लीगला २०. मोठे क्लब काही बुडाले नाहीत. स्पर्धा चालवणाऱ्याने मनावर घेतलं तर होतं, एवढंच म्हणायचंय.

शनिवार_तीन_वाजता

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी दोन मुलांना घेऊन जाते आणि मला सगळ्यांच्या हिशोबात एक गोष्ट दिसत नाहीये: तिकीट म्हणजे पूर्ण खर्च नाही.

उपांत्य सामने २००८ पासून दोन्हीही वेम्ब्लीला. उत्तरेतले दोन संघ असले तरी लंडन. एप्रिल २०२२ ला मँचेस्टर सिटी विरुद्ध लिव्हरपूल हा सामना ईस्टरच्या शनिवारी ठेवला, आणि त्या दिवशी रुळांच्या कामामुळे दोन्ही शहरांतून लंडनला थेट गाडीच नव्हती. ओरड झाल्यावर एफएने मोफत बस सोडल्या, त्या पाच हजार लोकांपुरत्या. मैदान नव्वद हजारांचं! त्या दिवशी सिटीच्या बाजूला रिकाम्या खुर्च्या दिसल्या आणि टीव्हीवर त्यांच्या चाहत्यांनाच नावं ठेवली गेली. मला फार राग आला होता. तिकीट, प्रवास, कधी कधी रात्रीचा मुक्काम. एका घराला हे सगळं मिळून किती पडतं ते बोलणाऱ्यांनी मोजलं होतं का?

घरच्या कप सामन्याचं माझ्या दृष्टीने महत्त्व यासाठीच आहे. लीगच्या सामन्याला मुलांसाठी शेजारी-शेजारी जागा मिळतच नाहीत, सगळी सीझन तिकीटवाल्यांनी भरलेली. कपच्या सामन्याला त्या जागा मोकळ्या होतात. धाकट्याने पहिल्यांदा मैदान बघितलं ते कपलाच. जिन्यावरून वर आलो, समोर दिव्यांखालचं गवत दिसलं आणि तो पायरीवरच उभा राहिला. मागचे लोक खोळंबले, पण कुणी पुढे ढकललं नाही. आता मुलांचं तिकीटही लीगच्या दराने लावलं तर अशी मुलं येणार कुठून? पुढच्या वीस वर्षांचा प्रेक्षक इथेच तयार होतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडने चालू मोसमात उरलेली तिकिटं सरसकट ६६ पाउंडांची केली, मुलांना आणि वृद्धांना सवलतच नाही. ते लीगचं होतं, पण वारं कुठे वाहतंय ते कळतं.

माझी मागणी एकच: कपच्या घरच्या सामन्याला मुलांचं तिकीट पाच पाउंडांच्या वर नको. मोठ्यांचं काय करायचं ते तुम्ही भांडत बसा.

जुना_टेरेस

ताई, शंभर टक्के.

डावा_विंगर

पाच पाउंडांना माझा काहीच विरोध नाही. मुलांच्या तिकिटावर आमचं बजेट उभं नसतं.

गोलरेषांच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. आम्हाला मर्यादा नको असं मी म्हणत नाहीये. फ्रान्समध्ये कपला दोन किंवा जास्त विभाग खालच्या संघाचं नाव ड्रॉमध्ये नंतर निघालं तरी सामना त्याच्याच मैदानावर होतो. जर्मनीत हौशी क्लबना सुरुवातीच्या फेऱ्यांत व्यावसायिक संघ घरीच मिळतात. म्हणजे तिथे स्पर्धेनेच मान्य केलंय की दोन संघ सारखे नाहीत. मग दराचा नियमही सारखा कशाला? मर्यादा वरच्या दोन विभागांतल्या यजमानाला लावा. खालचा क्लब घरी खेळत असेल तर त्याला मोकळं सोडा, त्याचे लोक त्याला एका सामन्याचे दोन पैसे जास्त आनंदाने देतील. आणि मोठ्या यजमानाने दर उतरवल्यामुळे पाहुण्या छोट्या क्लबचा हिस्सा घटला, तर तो फरक यजमानाने आपल्या ४५ टक्क्यांतून भरून द्यावा.

गोलरेषा

याला माझी हरकत नाही. मोठ्या क्लबने स्वतःच्या वाट्यातून द्यायचं असेल तर बाजार वगैरे मुद्दा मी मागे घेतो. पण मोठे क्लब सहीच करणार नाहीत. कशाला करतील?

उत्तर_स्टँड

करणार नाहीत असं धरूनच चालायचं. पण आता एक दार उघडलंय. फुटबॉल कारभाराचा कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला, स्वतंत्र नियामक आला, आणि क्लबांना तिकीट दरांबाबत चाहत्यांशी सल्लामसलत करणं बंधनकारक होतंय. सल्लामसलत म्हणजे मान्य करणं नव्हे, हे कळतं मला. तरी आजवर दर जाहीर झाल्यावर आपण ओरडायचो, आता आधी विचारावं लागेल.

आमच्या क्लबच्या चाहता मंडळाची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. मी हे मांडणार आहे: मुलांना पाच पाउंड, प्रौढांना वीस, बंद ठेवायचा मजला असेल तर तो आधी शाळांना आणि स्थानिक मुलांच्या संघांना खुला करायचा, आणि आपोआप पैसे कापण्याच्या योजनेतून बाहेर पडणाऱ्याला वेम्ब्लीच्या रांगेत मागे टाकायचं नाही. पाहुण्या क्लबचा फरक भरून देण्याचा डावा_विंगरांचा मुद्दाही घालतो. त्याचे आकडे कसे मांडावेत, कुणी मदत करेल का?

डावा_विंगर

मी करतो. आमच्या क्लबचा गेल्या काही वर्षांचा कपचा जमाखर्च सभासदांना मिळतो, त्यावरून नमुना बनवून देतो. सुरक्षेचा खर्च वेगळा दाखवा, क्लब तिथेच अडवतील.

शनिवार_तीन_वाजता

आणि पाहुण्यांच्या कोट्याचंही लिहा. एफए कपमध्ये पाहुणा क्लब १५ टक्क्यांपर्यंत जागा मागू शकतो, लीगमध्ये तीन हजारांच्या आसपासच मिळतात. त्यांच्या मुलांनाही तोच पाच पाउंडांचा दर हवा, नाहीतर आपल्यापुरतंच बघितलं असं होईल.

उत्तर_स्टँड

घातलं. मसुदा रविवारी इथेच टाकतो, बैठकीआधी सगळ्यांनी एकदा वाचा.